कॉटरीची प्लेट म्हणजे अर्थिंग नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सावंतवाडीहून आलेली तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचा आक्षेप असा की कॉटरीच्या (विजेच्या करंटने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या मशीनच्या) पेशंट प्लेटचा, म्हणजे पेशंटच्या अंगाला चिकटवायच्या पॅडचा, आम्ही आधीच्या लेखात नको तितका बाऊ केला. हल्लीची मशीन आयसोलेटेड असतात (करंट जमिनीकडे न जाता मशीनकडेच परततो), प्लेट निघाली तर अलार्म वाजतो, मग ती नितंबाखाली सारली काय नि पोटरीला लावली काय! शिवाय छोट्या हॉस्पिटलला दर पेशंटला नवी प्लेट परवडत नाही.

आयसोलेशनचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुन्या मशीनमध्ये प्लेट सुटली की करंट टेबलाच्या लोखंडाला टेकलेल्या हातातून किंवा ईसीजीच्या चिकटीतून जमिनीकडे वाट काढायचा आणि तिथे भाजायचं. तो धोका आता बराच कमी झाला. प्लेटखालचं भाजणं मात्र आयसोलेशनने थांबत नाही. सर्जनच्या हातातल्या कॉटरी पेन्सिलच्या टोकातून शिरलेला करंट प्लेटमधूनच परत जातो. टोक बारीक म्हणून तिथे कापलं जातं. प्लेट तळहाताहून मोठी म्हणून तिथे कातडी जेमतेम कोमट होते. अर्धी प्लेट उचलली गेली की उरलेल्या भागात करंटची घनता दुप्पट होते आणि उष्णता चौपट.

अलार्म कोणता, ते प्लेट हातात घेऊन बघा. मधे फट असून तिचे दोन भाग दिसत असतील आणि मशीनमध्येही तशी सोय असेल, तरच कातडीशी संपर्क कमी झालेला कळतो. प्लेट एकसंध असेल, किंवा स्टीलचा पत्रा असेल, तर मशीन फक्त वायर तुटली का एवढंच तपासतं. मग प्लेट टेबलाखाली लोंबत असली तरी ते गप्प.

नितंबाखाली तर नकोच. माकडहाडाचा दाब पडून तिथलं रक्त थांबतं आणि उष्णता वाहून नेणारं काही उरत नाही. सीझरला गर्भजल, बेटाडिन, रक्त सगळं तिथेच ओघळतं. मांडीचा पुढचा-बाहेरचा भरदार भाग घ्या, प्लेटची लांब कड ऑपरेशनच्या जागेकडे ठेवा. व्रण, हाड, शरीरात बसवलेली धातूची पट्टी किंवा रॉड टाळा. केस असतील तर क्लिपरने काढा.

आपल्याकडे यात दोन गोष्टींची भर पडते. अंगाला चोळलेलं खोबरेल आणि दमट हवेतला घाम. दोन्हींमुळे चिकट बाजू धरतच नाही. जागा साबणाने धुवा, पूर्ण कोरडी करा, मग एका कडेकडून दाबत लावा, हवेचा फुगा राहू देऊ नका. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने प्लेटला वायर जोडणाऱ्या क्लिपचे धातूचे दातही हिरवट-काळे पडतात. ते दर आठवड्याला बघायला हवेत. करगोटा, जोडवी काढायला सांगा. हात मांडीला टेकत असेल तर मधे कोरडं कापड घाला.

सर्जन "अजून वाढवा" म्हणाले की सिस्टरांनी आधी प्लेट आणि क्लिप तपासावी, मगच पॉवर वाढवावी. नेहमीच्या सेटिंगला कापत नसेल, तर करंटची वाट कुठेतरी अडलेली असू शकते.

खर्चाची अडचण खरी आहे. पण उचकटलेल्या प्लेटची जेल कडेने सुकते, तिच्यावर केस आणि कातडीचा कोंडा बसतो, आणि पुढच्या पेशंटला ती नेमकी कडेनेच सुटते. एकदा काढलेली प्लेट त्याच पेशंटलाही पुन्हा लावू नये. बारीक कामाला बायपोलर चिमटा वापरा, त्यात करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो. त्याला प्लेट लागतच नाही. पेसमेकर असेल तर पहिली पसंती त्यालाच.

कातडी साफ करायच्या, कॉटरीच्या ठिणगीने पेटू शकणाऱ्या स्पिरिटबद्दल आम्ही फार थोडक्यात लिहिलं, हा तुम्ही दाखवलेला दोष मान्य. स्पिरिटयुक्त द्रावण लावल्यावर किमान 3 मिनिटं थांबा, केसाळ जागी त्याहून बरंच जास्त. बेंबीत आणि पाठीखाली साचलेलं टिपून घ्या, भिजलेली चादर बदला, मगच ड्रेप (ऑपरेशनची निर्जंतुक चादर) घाला. तोंडा-मानेच्या कामात ऑक्सिजन चालू असेल तर ड्रेपखाली तो साचतो. भूलतज्ज्ञांना सांगून शक्य तितका, 30 टक्क्यांच्या आत आणा, आणि मगच पेन्सिल दाबा.

शेवटी प्लेट कातडी धरून हळू सोलायची आणि खालची जागा बघून केसपेपरवर लिहायची. दुसऱ्या दिवशी दिसलेला लाल चट्टा वॉर्डमध्ये बेडसोअर समजला जातो, आणि मग त्याचं कारण कुणी प्लेटमध्ये शोधत नाही.