‘आईपणाची खूण’ म्हणणाऱ्या ताईंना

पोटावरच्या वणांवर, म्हणजे स्ट्रेच मार्क्सवर काय काय उपचार आहेत याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली एका ताईंची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं थोडक्यात असं: मलमाचं प्रमाण चुकलंय, माझे आधीचे आणि नंतरचे फोटो वेगवेगळ्या उजेडातले आहेत, एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, खर्चाचा आकडा कुठेच नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘आईपणाची खूण पुसायला निघणं हे मुंबईतल्या रिकामटेकड्या बायकांचे नखरे, आमच्या आजी-पणजीला असलं कधी सुचलं नाही.’

ताई, प्रमाणाचं तुमचं बरोबर आहे. ट्रेटिनॉइनचं (हे अ-जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) मलम 0.5 टक्के असं माझ्याकडून टाइप झालं, तिथे 0.05 हवं होतं. चूक मान्य. पण ती दाखवायला एक ओळ पुरली असती. ‘अर्धवट माहितीवर दुकान मांडलंय’ हे कशासाठी? या लिखाणासाठी मी कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही.

आता रिकामटेकडेपणाबद्दल. 2016 साली पहिल्या खेपेला मी आठवा महिना लागेपर्यंत मुलुंड ते सीएसटी रोज ये-जा करत होते. सातव्यात बेंबीखाली जांभळ्या रेषा उमटल्या, मे महिन्याच्या घामात त्यांना अशी खाज सुटायची की रात्री ओला पंचा पोटावर ठेवून पडायचे. सासूबाई रोज मायेने खोबरेल चोळायच्या. खाजेला त्याने बरं वाटलं, रेषा मात्र वाढतच गेल्या. तेल, कोको बटर, ऑलिव्ह ऑइल यांनी वण टळतात याला भक्कम पुरावा नाही, हे मला फार नंतर कळलं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांना भीत भीत विचारलं. त्या हसल्या. ‘आता पोट कुणाला दाखवायचंय? आईपणाची खूण आहे, मिरवा.’ शब्द ओळखीचे वाटतात ना? मी खाली मान घालून घरी आले. तीन महिन्यांनी कामावर रुजू झाले. लेडीज डब्यात वरची कडी धरून उभी होते, पदर सरकला आणि चौथ्या सीटवर आईच्या मांडीत बसलेली एक चिमुरडी म्हणाली, ‘मावशी, तुला भाजलंय का गं?’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी पदर खोचला आणि भायखळ्यापर्यंत दाराकडे तोंड करून उभी राहिले. तुम्ही याला नखरे म्हणता.

पण माझा राग केवळ शब्दावर नाही. ‘खूण आहे, राहू दे’ या वाक्यामुळे वेळ जातो, आणि या दुखण्यात वेळच सगळ्यात महाग आहे. कातडी ताणली गेली की आतल्या थरातले कोलॅजन आणि इलॅस्टिन, म्हणजे कातडीला बळ आणि लवचीकपणा देणारे धागे, तुटतात. सुरुवातीला तिथे सूज असते, रक्तवाहिन्या फुललेल्या असतात, म्हणून वण लाल-जांभळा दिसतो. उपचार लागू पडायचा तो तेव्हाच जास्त. ट्रेटिनॉइनचा उपयोग याच टप्प्यात. पल्स्ड डाय लेझर काम करतो तो रक्ताच्या लाल रंगावर, पांढऱ्या पडलेल्या वणात त्याला धरायला तो रंगच उरलेला नसतो. अंगावर पाजताना ट्रेटिनॉइन सहसा देत नाहीत, गरोदरपणी तर नाहीच नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण लेझरचं विचारता आलं असतं, दूध तुटल्यावर लगेच मलम सुरू करता आलं असतं. मी दीड वर्ष गप्प बसले. त्वचारोगतज्ज्ञांसमोर बसले तेव्हा रेषा पांढऱ्या झाल्या होत्या.

मग उरलं मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी कातडी टोचून घेणं. आधी तासभर बधिर करणारं मलम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवतात. सुयांचं पेन फिरतं तेव्हा बहुतेक ठिकाणी नुसती थरथर जाणवते, बेंबीखाली मात्र डोळ्यांत पाणी येतं. पांढऱ्या रेषेवर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब उभे राहतात. महिन्याच्या अंतराने चार सिटिंग झाली. आज अंधारात बोट फिरवलं तर पूर्वी जिथे खोबण लागायची तिथे उथळ घडी लागते. रेषा आहेत, त्या जात नाहीत, हे मी लेखातही लिहिलं होतं. फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे कातडीवर ठिपक्याठिपक्यांनी मारायचा लेझर, मी टाळला, कारण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्याने काळे डाग पडायची भीती जास्त असते.

आजी-पणजीचं म्हणाल तर चरकसंहितेचं शारीरस्थान उघडा, आठवा अध्याय. सातव्या महिन्यात गर्भिणीच्या अंगाला खाज सुटून ‘किक्किस’, म्हणजे हेच वण, होतात, खाजवू नये, पोटावर आणि स्तनांवर चंदन आणि मृणालाचा (कमळाच्या देठाचा) लेप लावावा, असं तिथे लिहिलंय. तेव्हाच्या बायकांनी सांगितलं असेल म्हणूनच वैद्याने लिहिलं ना? सुचलं नव्हतं म्हणे.

आणि आईपणच म्हणायचं तर माझा पंधरा वर्षांचा भाचा एका वर्षात सरसर उंच झाला, त्याच्या कमरेवर आडवे वण आले. शाळेत बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, घरी कुणी मारतं का. त्या पोराला कसली खूण मिरवायला सांगू? आमच्या शेजारणीला मांडीत हेच वण आले ते नायट्यासाठी केमिस्टकडून आणलेलं स्टिरॉइडवालं मलम महिनोन् महिने लावल्याने.

फोटोतला उजेड, खर्च, पुरावा वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. फोटो माझ्याच न्हाणीघरातले आहेत आणि पोट माझं आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. लेखात 0.05 केलंय, आणि त्याच ओळीत गरोदर व पाजणाऱ्या बायकांनी हे मलम लावू नये असं ठळक टाकलंय. ज्यांचे वण अजून जांभळे आहेत त्यांनी तुमचं वाक्य वाचून थांबू नये, म्हणून हे उत्तर तुमच्या प्रतिक्रियेच्या अगदी खाली लावते आहे.