पाच मिनिटांच्या एचआरव्हीवरून हृदयातील ब्लॉकेज कळत नाही

मराठी व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर सतत थोडेथोडे बदलत असते, या बदलशीलतेला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणजेच एचआरव्ही म्हणतात, ती ५० च्या खाली गेली की हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत हे सिद्ध होते, आकडा चांगला असेल तर रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, प्राणायामाने आकडा वाढवला की अडथळेही विरघळतात, आणि म्हणून बोटाला क्लिप लावून पाच मिनिटांत होणाऱ्या या चाचणीनंतर टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) किंवा अँजिओग्राफी (धमन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेले चित्रण) यांची गरज उरत नाही.

याला उत्तर लिहावेसे वाटले त्याचे कारण घरातले आहे. माझ्या मामांना चढ चढताना छातीवर दडपण येत असे आणि थांबले की ते दोन-तीन मिनिटांत ओसरत असे. डॉक्टरांनी त्यांना टीएमटी करायला सांगितली होती. त्याच आठवड्यात एका शिबिरात त्यांची एचआरव्ही मोजली गेली, अहवालावर हिरवा रंग उमटला आणि मामांनी टीएमटी सात आठवडे लांबणीवर टाकली. अखेर अँजिओग्राफी झाली तेव्हा हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी धमनी बरीच अरुंद झालेली निघाली. मामा आता बरे आहेत. पण ते सात आठवडे आठवले की मला अजून अस्वस्थ व्हायला होते.

पहिला दावा असा की, कमी एचआरव्ही म्हणजे ब्लॉकेज. हा दावा तपासण्यासाठी एचआरव्ही नेमके काय मोजते ते पाहावे लागते. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो आणि ठोका तिथून सुरू होतो. त्याला एकटे सोडले तर तो मिनिटाला सुमारे १०० च्या गतीने चालतो. व्हेगस नावाची चेता (मज्जातंतू) त्याला आवरून धरते आणि अनुकंपी चेतासंस्था त्याला पुढे रेटते. श्वास आत घेताना व्हेगसची पकड सैल होते व ठोके जवळ येतात, श्वास सोडताना ती घट्ट होते व ठोके लांबतात. दोन ठोक्यांमधील अंतरात दिसणारा मिलिसेकंदांचा चढउतार हा मुख्यतः या चेतांच्या ओढाताणीचा मागोवा आहे. हृदयधमनीविकार हा मात्र धमनीच्या भिंतीत चरबी, दाहक पेशी आणि कॅल्शियम साचून होणारा रोग आहे. एचआरव्ही धमनीच्या आत डोकावत नाही. तिला दिसतो तो चेतांचा कारभार.

हा फरक किती खोल आहे हे हृदयप्रत्यारोपणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रत्यारोपण करताना दात्याच्या हृदयाच्या चेता कापल्या जातात, त्यामुळे नव्या हृदयाची एचआरव्ही सुरुवातीला जवळजवळ नाहीशी झालेली असते, मग त्याच्या धमन्या कितीही निर्मळ असोत. उलट बाजूने, अनेक वर्षांच्या मधुमेहात स्वायत्त, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या, चेतांना इजा होते आणि धमन्यांची स्थिती कशीही असली तरी आकडा खाली येतो. वाढते वय, नैराश्य, ताप, अपुरी झोप, आदल्या रात्रीचे मद्य, काही औषधे, हृदयाची क्षीण झालेली पंपक्षमता, यांपैकी कोणतेही कारण तोच परिणाम घडवू शकते. ज्या आकड्यामागे इतकी कारणे असू शकतात, त्यावरून त्यांतले एकच कारण उचलून त्याला निदान म्हणणे शास्त्रीय दृष्टीने समर्थनीय नाही.

तरीही हा दावा हवेतून आलेला नाही, आणि त्याचे मूळ सांगितल्याशिवाय त्याचे खंडन प्रामाणिक होणार नाही. १९८७ मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २४ तासांच्या होल्टर नोंदीवरून (होल्टर म्हणजे अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र) एसडीएनएन, म्हणजे ठोक्यांमधील अंतरे सरासरीपासून किती हलतात हे सांगणारे प्रमाण विचलन, काढले होते. ज्यांचे एसडीएनएन ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी होते त्यांच्या मृत्यूचा धोका १०० पेक्षा जास्त असलेल्यांच्या तुलनेत ५.३ पट आढळला. पुढे १९९८ मध्ये ‘अत्रामी’ या १,२८४ रुग्णांच्या अभ्यासानेही तीच दिशा दाखवली. परंतु या सर्वांना झटका आधीच येऊन गेलेला होता. त्यांच्याबाबतचा प्रश्न ‘यांच्यापैकी कोणाच्या जिवाला अधिक धोका आहे’ हा होता. ‘यांना ब्लॉकेज आहे का’ हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता. फिरत्या मजकुराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर उचलून दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले आहे, आणि माझ्या मते साऱ्या गैरसमजाचे मूळ इथेच आहे.

दुसऱ्या प्रश्नावरही संशोधन झालेले आहे. १९९० मध्ये जुनिचिरो हायानो आणि सहकाऱ्यांनी अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांत एचआरव्हीचे घटक आणि रोगाची तीव्रता यांचा संबंध तपासला, आणि रोग अधिक तिथे श्वासाशी निगडित चढउतार सरासरीने कमी, असे त्यांना दिसले. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. मात्र गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे एका माणसाचे निदान नव्हे. सोलापूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक असतो हे खरे आहे. पण एप्रिलमधल्या एका दुपारी पारा ३९ अंशांवर आहे एवढेच सांगितले, तर ते शहर कोणते हे कोणालाही ओळखता येणार नाही.

याचा शिबिरात काय परिणाम होतो ते एका कल्पित हिशोबाने पाहू. समजा, १,००० लोक आले आणि त्यांतील ५० जणांना खरोखर मोठा अडथळा आहे. चाचणीला उदारपणे असे श्रेय देऊ की ती रोग असलेल्या १०० पैकी ७० जणांना पकडते आणि रोग नसलेल्या १०० पैकी ३० जणांनाच चुकून घाबरवते. मग ३५ खरे रुग्ण सापडतील, २८५ निरोगी माणसे रोगी ठरतील आणि १५ खरे रुग्ण हिरवा अहवाल घेऊन घरी जातील. ज्यांना ‘ब्लॉकेज आहे’ असे सांगितले गेले, त्यांच्यातील नऊ जणांमागे सुमारे एकालाच ते असेल.

आता ५० या आकड्याविषयी. क्लायगर यांचे ५० हे २४ तासांच्या नोंदीतले आहेत. नोंद जितकी लांब तितके एसडीएनएन वाढत जाते, कारण दिवसभरातील चालणे, जेवण, झोप या सर्वांचा चढउतार त्यात येतो. म्हणूनच युरोपीय आणि उत्तर अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संयुक्त कृतिगटाने १९९६ मध्येच बजावले होते की वेगवेगळ्या लांबीच्या नोंदींतील आकड्यांची तुलना करू नये. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरोगी प्रौढांच्या अल्पकालीन नोंदींमधील एसडीएनएनची सरासरीच ५० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. म्हणजे ही रेषा पाच मिनिटांच्या चाचणीला लावली तर निरोगी माणसांपैकी साधारण निम्मी माणसे हृदयरोगी ठरतील. त्यात भर अशी की मनगटावरची सगळी घड्याळे एकच गोष्ट मोजत नाहीत : ॲपलचे घड्याळ एसडीएनएन दाखवते, तर फिटबिट आरएमएसएसडी नावाचे वेगळे माप दाखवते. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या घड्याळांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात म्हणूनच काही अर्थ नसतो.

दुसरा दावा, म्हणजे ‘आकडा चांगला तर निश्चिंत राहा’, हा मला सर्वांत घातक वाटतो. धमनीत ७० टक्के अडथळा असलेल्या माणसाचे हृदय विश्रांतीत पुरेसे रक्त मिळवू शकते आणि त्याच्या चेतांचा कारभार सुरळीत असू शकतो. खुर्चीत बसून केलेल्या पाच मिनिटांच्या नोंदीत मग काहीच दिसणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही की मोठा आकडा कधीकधी स्वतःच आजाराचे लक्षण असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके पूर्णपणे अनियमित पडतात, अवेळी पडणारे जादा ठोकेही अंतरे वेडीवाकडी करतात, आणि ते वगळले नाहीत तर यंत्र उत्तम एचआरव्ही दाखवते. ईसीजी न पाहता, केवळ बोटातील नाडीच्या प्रकाशनोंदीवरून आकडा काढणाऱ्या यंत्रात ही चूक सहज नजरेआड होते.

प्राणायामाच्या दाव्याबाबत मी जपून लिहितो, कारण प्राणायामाविषयी मला आदर आहे. मिनिटाला सहाच्या सुमारास श्वास घेतले तर एचआरव्ही खरोखरच वाढते. लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींत दाखवले की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र या दोहोंनी श्वास नेमका याच लयीला येतो आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील होते. पण हा बदल काही मिनिटांत होतो आणि नेहमीचा श्वास सुरू झाला की ओसरू लागतो. धमनीच्या भिंतीत अनेक वर्षे साचलेला थर तेवढ्या वेळात हलत नाही. शांत झोप, कमी झालेला ताण, आटोक्यात येणारा रक्तदाब हे लाभ मोलाचे आहेत आणि ते घ्यावेत. मात्र त्यांच्यासाठी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नये.

निर्देशक हाती आला म्हणजे उपचाराची किल्ली हाती आली असे होत नाही, हे ‘डायनामिट’ या चाचणीने दाखवले आहे. झटका येऊन ६ ते ४० दिवस झालेले, हृदयाची पंपक्षमता ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले आणि ज्यांच्यात हृदयगतीवरील स्वायत्त नियंत्रण बिघडलेले आहे (कमी एचआरव्ही ही त्याची एक खूण) असे ६७४ रुग्ण त्यात निवडले होते. त्यांतील निम्म्यांच्या शरीरात झटका देऊन लय सावरणारे डिफिब्रिलेटर यंत्र बसवले गेले. २००४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा लय बिघडून होणारे मृत्यू घटलेले होते, पण इतर कारणांनी होणारे वाढले होते आणि एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नव्हता.

राहिला शेवटचा दावा, की पुढच्या तपासण्या नकोत. प्रत्येकाला अँजिओग्राफी लागत नाही हे मान्य आहे, आणि अनावश्यक तपासण्यांविषयी लोकांच्या मनात असलेला राग मला समजतो. पण अनावश्यक तपासणीवरचा उपाय म्हणजे लक्षणे, वय, मधुमेह, तंबाखू, रक्तदाब आणि घराण्यातील इतिहास विचारून योग्य तपासणी निवडणारा डॉक्टर. स्कॉटलंडमधील ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासात छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांची नेहमीच्या तपासणीबरोबर सीटी स्कॅनने धमन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफीही केली गेली. पाच वर्षांत हृदयधमनीविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण त्या गटात २.३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के. धमनी प्रत्यक्ष पाहिल्यामुळे योग्य रुग्णांना योग्य औषधे मिळाली, हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते.

इस्रायलमधील संशोधक होल्टरच्या तासाभराच्या नोंदीवर वेगळे गणित लावून हृदयस्नायूला होणारा अपुरा रक्तपुरवठा ओळखण्याचा प्रयत्न करत आहेत, आणि त्यांचे काम मी उत्सुकतेने वाचतो. तेही ते तंत्र पुढील तपासणी कोणाला लागेल हे ठरवण्यासाठीची मदत म्हणून मांडतात. तोवर चालताना छाती, जबडा किंवा डावा हात भरून येत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना हेच शब्द सांगावेत. आणि दडपण विश्रांतीतही थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर घड्याळावरचा आकडा न पाहता १०८ ला फोन करावा.