दातखीळ बसली म्हणे

आज सकाळी सकाळी माहेरच्या ग्रुपवर तो जोक आला. तोच तो. नवरा डॉक्टरांना फोन करतो, बायकोचा जबडा लॉक झालाय, तोंडच उघडत नाहीये, पुढच्या आठवड्यात इकडे येणं झालं तर जरा बघून जा. टाकणारा माझा सख्खा धाकटा भाऊ. हसणाऱ्यांत मावशी पण, जी गेल्या वर्षी माझ्यासाठी डब्यातून मऊ भात घेऊन आली होती. मी मोबाईल पालथा ठेवला, डबे भरले, शाळेत गेले, ऑफ पिरियडला परत बघितलं तर हसणारे सव्वीस झालेले. माझं तोंड उघडायचं ना, ते पण सव्वीसच मिलिमीटर. मोजलेलं आहे, केसपेपरवर लिहिलेलं आहे. आता बोलतेच.

गेल्या वर्षीची संक्रांत. शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू. काकूंच्या वड्या नेहमीच कडक, त्यात यंदा पाक जास्तच झालेला असं त्यांनीच आधी सांगून टाकलं. मी एक वडी दाढेखाली धरून दाबली आणि उजव्या कानाच्या पुढे काहीतरी सटकलं. समोर काकू म्हणतायत तिळगूळ घ्या गोड बोला, आणि मी गोड बोलायला तोंड उघडायला गेले तर उघडेचना. दोन बोटं जेमतेम. कोणीतरी म्हणालं, बाईंची दातखीळ बसली! सगळ्या हसल्या. मी पण हसले, म्हणजे ओठ ताणले, वाण म्हणून मिळालेली चाळणी घेऊन घरी आले आणि बाथरूमच्या आरशासमोर रडले. रडताना पण तोंड उघडावं लागतं हे त्या दिवशी कळलं.

रात्री नवऱ्याने ईसीजी काढायला नेलं. नॉर्मल. याबद्दल माझी तक्रार नाही, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जबडा दुखला तर आधी हार्ट बघायलाच हवं. तक्रार पुढच्या दहा महिन्यांची आहे.

फॅमिली डॉक्टर म्हणाले गॅस. त्यांना सांगितलं, अहो इतकी वर्षं जेवताना कट् कट् आवाज यायचा (घरात त्यावरून 'हिची कटकट' हा विनोद पन्नास वेळा झालाय), तो संक्रांतीपासून उजवीकडून बंदच झालाय. तर म्हणाले, आवाज गेला ना, मग चांगलंच आहे! कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान स्वच्छ आहे, ड्रॉप घाला, दाढेचं असेल. दाताच्या डॉक्टरांनी ठोकून ठोकून शेवटची खालची दाढ पकडली आणि रूट कॅनाल केलं, कॅपसकट चौदा हजार. त्यासाठी पाऊण तास तो अडकलेला जबडा ताणून धरला, पुढचे आठ दिवस मी फक्त ताक आणि पेज. दाढ चांगली होती हो. कानापुढचं दुखणं तसंच. मग मेंदूचे डॉक्टर, त्यांना नसेचं वाटलं, गोळ्या दिल्या, मी वर्गात फळा धरून उभी, गरगरतंय. मग एक चकचकीत क्लिनिक, तिथे कॉफी मिळते. त्यांनी सांगितलं तुमचा बाईटच, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणंच, बिघडलाय, सगळ्या दातांना कॅप करू, साडेतीन लाख, ईएमआय आहे. आणि मेडिक्लेमवाला सांगतो, डेंटल कव्हर होत नाही.

सासूबाईंचं निदान वेगळंच. मी रात्री दात खाते हे नवऱ्याने सांगितल्यावर, जंत झालेत तिला! वावडिंगाचं पाणी रोज सकाळी. प्यायले. काय करणार.

दाताचं कॉलेज वेगळं आणि उरलेल्या शरीराचं कॉलेज वेगळं, आणि हा मेला जबड्याचा सांधा नेमका दोघांच्या बांधावर. कानवाल्याला वाटतं दात, दातवाल्याला वाटतं कान, आणि दोघांचं एकमत कशावर तर "या वयात होतंच मॅडम, टेन्शन घेऊ नका, मेनोपॉज जवळ आलाय ना?" अरे, गुडघा अडकला असता तर बोलला असतास असं? पुरुषाचा खांदा आखडला की लगेच एमआरआय आणि फिजिओ, आणि बाईचं तोंड अडकलं की टेन्शन! बरं, टेन्शनने दात आवळले जातात आणि दुखणं वाढतं हे खरंय, पुढे मलाही तेच सांगितलं गेलं. पण सांगण्याआधी हात लावून बघावं की नाही?

कारण दहा महिन्यांत एकानेही तिथे बोट ठेवलं नव्हतं. जिथे वडी चावताना सटकलं, बरोबर तिथे. मी स्वतः बोट ठेवून दाखवायचे आणि ते टॉर्च घेऊन कानात बघायचे.

शेवटी शाळेतल्या शिपाई मावशी म्हणाल्या, बाई, सरकारी डेंटलला का जात नाही? सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्जच्या आवारात. मला आधी नको वाटलं, खोटं कशाला बोलू, आपल्याला वाटतंच ना सरकारी म्हणजे काय. गेले ठाण्याहून लोकलने. ओरल मेडिसिन नावाचा, तोंडाच्या आजारांचा, विभाग असतो हे तोवर माहीतच नव्हतं. तोंड उघडत नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न, गुटखा, सुपारी खाता का? मी भडकले. मग बाकावर शेजारी बसलेल्या मुलाकडे लक्ष गेलं, विशीतला, त्याच्या तोंडात स्वतःचं एक बोट जात नव्हतं. गुटख्याने आतून कातडी कडक होते. बंदी २०१२ पासून आहे म्हणे आपल्याकडे, शाळेबाहेरच्या टपरीवर जाऊन बघा. असो, तो वेगळा राग.

तर एक पीजी करणारी मुलगी आली, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने दोन्ही कानांपुढे दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, उघडा हळूच. मिटा. परत. मग गालावर, कानशिलावर दाबत गेली, इथे दुखतं? इथे? मला रडूच आलं. ती घाबरली बिचारी, जोरात दाबलं का म्हणाली. नाही गं, तू दाबलंस ना, म्हणून.

तिने एका मुठीवर दुसरा तळवा ठेवून समजावलं. हा सांधा नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, पुढे सरकतो पण. मध्ये एक चकती असते. ती पुढे घसरलेली असली की तोंड उघडताना परत जागेवर येते तेव्हा तो कट् आवाज. आणि एक दिवस ती जागेवर येतच नाही, मग आवाज बंद आणि तोंड पण बंद. म्हणजे आवाज गेला ते चांगलं नव्हतं! साध्या एक्स-रेत हाड दिसतं, चकती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते, पण आत्ता लगेच गरज नाही म्हणाली. वडीचा दोष नाही, वर्षानुवर्षं आवळत आलात, वडी निमित्त झाली. कॉस्टन नावाच्या अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरने १९३४ सालीच कानाचं दुखणं आणि या सांध्याचा संबंध लिहून ठेवलाय, तेही तिनेच सांगितलं. त्याने सांगितलेली कारणं पुढे टिकली नाहीत, पण कान आणि जबडा शेजारी राहतात एवढं तर कळलं होतं ना? तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती.

आणि उपाय काय तर शेक. मऊ खाणं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. हळूहळू करायचे व्यायाम, आणि रात्री दातांवर घालायचं गार्ड, दातांचं माप घेऊन बनवलेलं. ओठ मिटलेले पण दात सुटे, हे दिवसभर लक्षात ठेवायचं, आणि ते राहावं म्हणून टिकल्या लावायच्या. मी हजेरीपटावर, गॅसच्या ओट्यावर, स्कूटीच्या आरशावर टिकल्या लावल्या, टिकली दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी कळलं, मी भाजी चिरताना पण दात आवळते. वह्या तपासताना तर विचारू नका. तिथल्या मोठ्या डॉक्टर मॅडम एवढंच म्हणाल्या की दात घासून बारीक करणं, सगळ्या दातांना कॅप, असलं परत फिरवता न येणारं काही आधीच करून घेऊ नका, बहुतेकांना साध्या उपायांनीच आराम पडतो. साडेतीन लाख वाचले. दाढ काही परत येत नाही.

आता अडतीस मिलिमीटर. माझी तीन बोटं जातात. ऊस, चिक्की अजून बंद. डावीकडची कटकट तशीच आहे, पण दुखत नाही तोवर तिला छेडू नका म्हणालेत. आणि खाजगी डॉक्टर सगळे वाईट असं नाही म्हणत मी, माझ्या मैत्रिणीला डोंबिवलीत एकाने पहिल्याच भेटीत ओळखलं. पण तिचं नशीब बघून माझे दहा महिने कसे विसरू?

भावावर राग आहे का? सकाळी होता. लिहिता लिहिता उतरला जरासा. त्याला खरंच माहीत नसणार, मीच कधी नीट सांगितलं नाही, फोनवर 'दाताचं चाललंय काहीतरी' एवढंच. पण मावशी, तुझं काय गं? तू तर तो भात स्वतः कालवला होतास.

ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही. टिकली बघतेय.

एडिट: पोस्ट वाचून शेजारच्या काकूंचा फोन येऊन गेला. वडीचा दोष नाही हे मी तीनदा सांगितलं. त्या म्हणतात, "ते सगळं खरं गं, पण पाक जरा जास्तच झाला होता."