मामांच्या ग्रुपवरचे सेलचे ‘६ नियम’, आणि त्यात काय काय गंडलंय

गेल्या आठवड्यात मामांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, तुम्हालाही आला असेलच, ‘रिचार्जेबल सेल दहा वर्षं टिकवायचेत? हे ६ नियम पाळा’, खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’. नियम थोडक्यात असे: नवीन सेल पहिल्यांदा १२ तास चार्ज करा, पूर्ण मेल्याशिवाय परत चार्ज करू नका, चार्जर कुठलाही चालतो, जास्तीत जास्त एमएएचवाले घ्या, साधे सेलसुद्धा त्याच चार्जरमध्ये दोन-तीनदा भरता येतात, आणि वापरात नसतील तेव्हा फ्रीजमध्ये ठेवा. मी लग्नाचे फोटो काढतो, एका फ्लॅशला चार पेन्सिल सेल (एए), दोन फ्लॅश, वर ट्रिगरचे, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या डबीचे, बारीक सेल (एएए) वेगळे, त्यामुळे या विषयात बरेच पैसे घालवून शिकलोय आणि गप्प बसवेना.

आधी ते १२ तास. अहो पण १२ तास कशाने? पाणी भरायला नळ १२ मिनिटं सोडा असं सांगायचं, पण नळ बारीक सोडलाय का फुल हे नाही सांगायचं आणि खाली बादली आहे का पिंप तेही नाही, असला प्रकार आहे हा. सेलवर २००० एमएएच लिहिलेलं असतं ती तुमची बादली, आणि चार्जर उलटा करून बघितलात तर मागे बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, १५० एमए, ३०० एमए, ५०० एमए, तो नळ. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि थोडा करंट उष्णतेत वाया जातो म्हणून स्लो चार्जरला १.४ ने गुणायचं, झाले तास. २००० चा सेल २०० एमएने भरायला १४ तास लागतात, तोच सेल १००० एमएच्या फास्ट चार्जरमध्ये सव्वादोन-अडीच तासांत भरतो, मग मेसेजमधल्या १२ तासांतले उरलेले साडेनऊ तास काय करणार? चार्जर स्वतःहून थांबणारा असेल तर काही नाही, नसेल तर सेल भाजत राहणार.

हा नियम कुणी हवेतून काढलेला नाही म्हणा. घरातले रिचार्जेबल पेन्सिल सेल बहुतेक निकेलचे असतात, आणि निकेलच्या सेलना क्षमतेच्या एक-दशांश करंटने १४-१६ तास चार्ज करायची पद्धत जुनी आणि बरोबर आहे, फक्त त्यातला ‘एक-दशांश’ फॉरवर्ड होता होता गळून पडला आणि तास तेवढे राहिले. शिवाय २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणल्यापासून असे सेल मिळतात जे कारखान्यातूनच चार्ज होऊन येतात आणि महिनोन्महिने चार्ज धरून ठेवतात, पाकीट फोडा आणि वापरा, पहिल्या दिवशी पूजा घालायची गरज नाही.

‘चार्जर कुठलाही चालतो’ याच्यावर मात्र मी जरा तापतो. चार वर्षांपूर्वी एक स्वस्तातला चार्जर घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही, तसंही त्यावर धड नाव नव्हतंच, एक लाल दिवा होता जो प्लग लावला की लागायचा आणि प्लग काढला की विझायचा, सेल भरला-न भरला याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. रात्री अकराला ट्रिगरचे दोन बारीक सेल लावले, ८०० एमएएचचे, चार्जर ३०० एमएचा, म्हणजे पावणेचार तासांचं काम. सकाळी नऊला बघतो तर सेलवरचं प्लास्टिकचं आवरण आकसून वर सरकलेलं, खालचा पत्रा उघडा पडलेला, सेल हातात धरवत नव्हता आणि चार्जरच्या खाचेचं प्लास्टिक वाकलेलं. खाली लाकडी टेबल होतं आणि शेजारी लॅपटॉपची बॅग.

हे का होतं तर सेल भरल्यानंतर आत जाणारी वीज साठायला जागा नसते, ती आत ऑक्सिजन तयार करते, तो परत शोषला जातो आणि त्यात सगळी उष्णता बाहेर पडते, आणि करंट जास्त असेल तर दाब वाढून सेलचा व्हॉल्व्ह उघडतो. चांगला चार्जर इथे एक गंमत पकडतो. निकेल मेटल हायड्राइड सेलचा व्होल्टेज चार्ज होताना चढत जातो आणि भरला की किंचित, पाच-दहा मिलीव्होल्टने खाली येतो, ती एवढीशी घसरण दिसली की चार्जर बंद. म्हणून बॉक्सवर ‘ऑटो कट-ऑफ’ किंवा ‘स्मार्ट’ लिहिलंय का बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक खाचेला वेगळा दिवा आहे का बघा. जे चार्जर दोन-दोनच्या जोडीनेच सेल घेतात ते दोघांना एकच समजतात, एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा टाकलात तर एकाचं जास्त होतं नाहीतर दुसऱ्याचं कमी. उलट स्मार्ट चार्जर अगदीच मुंगीच्या पावलाने चालवला तर ती घसरण इतकी पुसट होते की त्याला दिसतच नाही, त्यामुळे ‘जेवढं स्लो तेवढं चांगलं’ हेसुद्धा डोळे झाकून नको. २००० च्या सेलला ५०० ते १००० एमए, मी यातच असतो.

आणि ‘कुठलाही’ म्हणताना लोक टॉर्चचा लिथियम सेलसुद्धा त्यात धरतात. तो ३.७ व्होल्टचा असतो, ४.२ ला थांबावंच लागतं, आणि १४५०० नावाचा एक प्रकार दिसायला, मापाला हुबेहूब पेन्सिल सेल असतो. तो निकेलच्या चार्जरमध्ये किंवा निकेलचा त्याच्या चार्जरमध्ये गेला तर आग लागू शकते, इथे मस्करी नाही. हल्ली बुडाशी नाहीतर बाजूला यूएसबीचं भोक असलेले १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात, ते फक्त त्यांच्या केबलनेच किंवा त्यांच्याच चार्जरमध्ये. सेलवर ‘एनआय-एमएच’, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, आणि १.२ व्होल्ट वाचल्याशिवाय खाचेत काही घालायचं नाही. चार्जर यूएसबीवर चालणारा असेल तर त्याला वीज देणाऱ्या ॲडॉप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ नंबर असतो, बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की खरा-खोटा कळतो, दोन मिनिटांचं काम.

‘पूर्ण मेल्याशिवाय चार्ज करू नका’ ही निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली गोष्ट. त्या सेलना मेमरीचा त्रास होता, म्हणजे परत परत अर्धवट वापरून चार्ज केला की तो पुढे तेवढाच चालायचा, आजच्या घरगुती सेलमध्ये तो नावापुरताच. उलट पूर्ण मारण्यात खरा धोका आहे, कारण फ्लॅशमध्ये चार सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला सगळ्यात अशक्त आधी संपतो आणि बाकीचे तीन त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, त्या बिचाऱ्याची प्लस-मायनस आतल्या आत उलटी होते. एकदा तसं झालं की तो सेल परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणून चारच्या चार एकत्र विकत घ्या, मार्करने त्यांच्यावर एकच अक्षर लिहा, एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा, आणि फ्लॅश मंद झाला की बदला, मरायची वाट बघू नका.

एमएएचचं म्हणाल तर पेन्सिल साइझमध्ये निकेलचा सेल साधारण २५००-२७०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे ४००० छापलेलं दिसलं तर ते फक्त छापलेलंच आहे. घरच्या वजनकाट्यावर टाका, चांगला सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो, माझ्याकडचा एक ‘४२००’ वाला १७ भरला होता. आणि जास्त क्षमता फुकट येत नाही, एनेलूपच्या साध्या सेलला कंपनी २१०० वेळा चार्ज होईल म्हणते, २५०० वाल्या प्रोला ५००.

साधे सेल भरायचा नियम वाचून लहानपण आठवलं, रेडिओचे सेल उन्हात खिडकीत मांडायचे, रिमोटचा सेल दाताने चावायचा, आणि थोडा जीव यायचा पण, कारण उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते. पण उन्हात ठेवणं वेगळं आणि चार्जरमध्ये घालणं वेगळं. अल्कलाइन सेलमध्ये करंट उलटा ढकलला की आत वायू तयार होतो, तो बाहेर पडताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेऊन येतो, कातडीला आणि डोळ्यांना वाईट, आणि सेलवर स्पष्ट लिहिलेलं असतं, रिचार्ज करू नका. फुटूही शकतो. भिंतीवरच्या घड्याळाला खुशाल साधा सेल लावा, तिथे रिचार्जेबलची गरजच नाही, संपला की फेका, तोही ओल्या-सुक्या कचऱ्यात नको.

फ्रीजचं तेवढं सोडून देतो. थंडीत चार्ज हळू गळतो हे खरं, पण बाहेर काढल्यावर सेल ओला होतो आणि आताचे सेल कपाटात नीट राहतात. खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका एवढंच, शॉर्ट होतो.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “अरे ते ठीक आहे, पण मी आता काय करू ते सांग.” म्हटलं चार्जरच्या मागचा फोटो पाठवा. आला. आउटपुट १५० एमए, कट-ऑफ बिट-ऑफ काही नाही. मामींच्या बीपी मशीनचे पेन्सिल सेल २००० चे, म्हणजे पावणेएकोणीस तास, ते दुपारी तीनला लावून दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर काढायचे. रिमोटचे बारीक ८०० चे, त्यांना साडेसात तास पुरे, म्हणजे रात्री दहाच्या बातम्यांना लावले की पहाटे साडेपाचला काढायचे. मामा साडेपाचला फिरायला निघतातच, चप्पल घालायच्या आधी प्लग काढा म्हटलं, आणि चार्जर तेवढा गादीवरून उचलून ओट्यावर ठेवा.