‘चाळिशीनंतर धावू नका’ हा सल्ला का चुकीचा आहे

चाळिशी ओलांडली की धावणं बंद करा, असं सांगणारा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: धावून गुडघे झिजतात; हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात, ते धावण्यात उधळू नयेत; पळता पळता माणसं मरतात; आणि चालून सगळं मिळतं, मग धावायचं कशाला? माझ्या ओळखीतल्या दोघींनी हे वाचून धावणं सोडलं, म्हणून लिहायला बसले.

आधी गुडघे, कारण खरी भीती त्यांचीच आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब आला, सुटला, पुन्हा आला, की सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं. त्यामुळे गाडीच्या टायरचं गणित गुडघ्याला लागू होत नाही. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून 2017 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात सुमारे 3.5 टक्के लोकांना होता, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र तो 13.3 टक्के होता, हेही सांगायलाच हवं. शिवाय ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावत नाहीत, त्यामुळे धावल्यानेच संधिवात टळला असं यातून सिद्ध होत नाही. पण आठवड्यातून तीन-चारदा पाचेक किलोमीटर पळणाऱ्या बाईला ‘गुडघे जातील’ म्हणून घाबरवायला इथे काहीच आधार नाही. दुखापती होतात, नडगी ठणकते, टाच धरते. बहुतेक वेळा एकदम अंतर वाढवल्यामुळे.

ठोक्यांचा हिशोब तर मजकुराच्याच नियमाने करून पाहू. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाचे 1,03,680 होतात. नियमित धावणाऱ्याची विश्रांतीतली नाडी उतरते. ती 60 धरा. चाळीस मिनिटं 150 च्या गतीने धावलं, तर 6,000 ठोके. उरलेल्या वेळाचे 84,000. एकूण 90,000. म्हणजे ठोके मोजूनच मिळाले असले, तरी बचत धावणाऱ्याचीच होते.

धावताना मृत्यू होतात, हे खरं आहे. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये सुमारे 1 कोटी 9 लाख लोक धावले. त्यांतल्या 59 जणांचं हृदय बंद पडलं. ज्यांची कारणं कळली, त्यांत बहुतेकांना आधीपासूनच हृदयविकार होता. म्हणून छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने कुणी गेलं असेल, तर आधी डॉक्टर, मग बूट.

आता चालण्याचं. चालणं उत्तमच आहे, ज्यांना झेपतं त्यांनी जरूर चालावं. पण ‘सगळं मिळतं’ हे मला मान्य नाही. साताऱ्याहून कासच्या रस्त्याला लागलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. पहिल्या चढाला डोक्यात सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची फी, ऑफिसातला कालचा वाद, सगळं असतं. दोन-तीन वळणांनंतर श्वासच एवढा मोठा होतो की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. चालताना हे विषय माझ्याबरोबर चालत राहतात. धावताना मागे पडतात. पूर्वी या हलकेपणाचं श्रेय एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदनाशामक द्रव्याला द्यायचे, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. आता संशोधकांचं लक्ष शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड द्रव्यांकडे आहे. कारण काहीही असो, घरी परतलेली मी जास्त शांत असते आणि हे घरातले सगळे सांगतात. ज्या चढावर गेल्या पावसाळ्यात कमरेवर हात ठेवून थांबले होते, तो न थांबता पार होतो, तेव्हाचा आनंद मला पगारवाढीनेही दिलेला नाही.

आणि वयाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1984 पासून पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांवर दोन दशकं लक्ष ठेवलं. 19 वर्षांनी न धावणाऱ्यांपैकी 34 टक्के वारले होते, धावणाऱ्यांपैकी 15 टक्के. उठणं-बसणं, कपडे घालणं यांतल्या अडचणीही धावणाऱ्यांना बऱ्याच उशिरा आल्या. चाळिशीत सुरू करायचं असेल तर एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, आणि वेग असा ठेवा की शेजारच्या मैत्रिणीशी सलग बोलता येईल. महिनाभर अंतर वाढवू नका.