डिस्क माझी की कंपनीची? शहापूरच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

शहापूरचे सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, लगेच लिहायला बसलो होतो पण डोकं तापलेलं म्हणून तसाच झोपलो. आता चहा झालाय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: मागच्या लेखात मी लिहिलेलं की गेमचे पूर्ण पैसे मोजले की तो नेट नसतानाही चालला पाहिजे. त्यावर सरांचं म्हणणं, हे २०१३ सालचं रडगाणं झालं, आता बेळगावात घरोघरी फायबर आलाय, गेम सुरू करताना नेटवरून होणारा लायसन्सचा, म्हणजे खेळायच्या परवान्याचा, ऑनलाइन चेक काढला तर पायरसी माजेल, आणि "कंपनीचा माल, कंपनीचे नियम, तुम्हीच ॲग्री दाबलंय ना". वर एक टोमणा, की मी सेकंडहँड डिस्का घेतो म्हणजे गेम बनवणाऱ्याला माझा एक रुपया जात नाही.

टोमण्यापासून सुरू करतो कारण तो खरा आहे. घेतो की सेकंडहँड. नवीन गेम चार-पाच हजाराला, तोच आरपीडी कॉर्नरला चहा पिता पिता एखाद्या पोराकडून अठराशेला मिळतो, आणि तो पोरगा ते अठराशे पुढच्या नवीन गेममध्येच घालतो, मीही माझ्या डिस्का तशाच विकल्यात. माझी गाडीसुद्धा सेकंडहँड आहे, केए २२ पासिंग, तिसरा मालक मी. गाडीच्या कंपनीनं अजून कधी फोन करून विचारलं नाही की आमचा हिस्सा कुठंय.

आता २०१३. मायक्रोसॉफ्टनं त्या वर्षी एक्सबॉक्स वन हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, दाखवला तेव्हा अट काय होती ते आठवा: २४ तासांत एकदा तरी नेटला जोडायचंच, नाहीतर गेम बंद, डिस्क हातात असली तरी. मित्राला गेम द्यायचा तर तो तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये ३० दिवस असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येणार. लोक इतके भडकले की १९ जूनला कंपनीनं हे सगळं मागं घेतलं. त्याआधी प्लेस्टेशनवाल्या सोनीनं एक छोटा व्हिडिओ काढून पार चेष्टा केलेली, त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपलं, हीच गेम शेअर करायची पद्धत म्हणे. तिथं विषय मिटला असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं की कुलूप फक्त मशीनवरून निघून गेमवर लागलं.

युबीसॉफ्टचा 'द क्रू' घ्या. २०१४ चा गाड्यांचा गेम, एकट्यानं खेळायची त्यात भरपूर सोय, पण चालणार फक्त सर्व्हरशी बोलूनच. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे चकचकीत प्लास्टिक उरलं. नंतर लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सही काढून घेतलं. आता गंमत बघा, बोंबाबोंब झाल्यावर त्याच कंपनीनं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की 'द क्रू २' ला ऑफलाइन मोड देऊ. म्हणजे जमत होतं. २०१३ च्या 'सिमसिटी' या शहर वसवायच्या गेमचंही तेच, नेटशिवाय हा गेम होऊच शकत नाही असं सांगत होते, सुरुवातीला सर्व्हर इतके कोलमडले की पैसे भरलेली माणसं दाराबाहेर, आणि मार्च २०१४ ला, म्हणजे साधारण वर्षभरानं, ऑफलाइन मोड आला!

पायरसीचं म्हणाल तर आमच्या पिढीनं चोरीच्या डिस्का चालाव्यात म्हणून चिप बसवलेले पीएस टू (प्लेस्टेशन २) आणि पन्नास रुपयांच्या डिव्हीड्या बघितल्यात, मी काही साव नाही. पण कुलूप तोडून खेळणाऱ्याच्या कॉपीत तो चेक नसतोच. मग नेट गेल्यावर बाहेर कोण बसतो? पावती असलेला.

फायबरचं मात्र तुम्ही शहापुरात बसून बोलताय. गेल्या जुलैत मी कन्सोल घेऊन मामाकडे गेलेलो, खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या बाजूला. तिकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दोन दिवस मोबाईलला टॉवर नाही. मामाच्या पोरासाठी खास डिजिटल, म्हणजे डिस्क नसलेला, डाउनलोड करायचा गेम घेतलेला, तो चालू करतोय तर लायसन्स तपासता येत नाही म्हणून मशीन अडून बसलं. पोरगं माझ्या तोंडाकडे बघतंय. मामी म्हणाली, करंट तर हाय की, मग का चालत नाही? मला काही सांगता येईना. शेवटी बॅगेत एक जुनी डिस्क होती, ती घातली आणि रात्री दीडपर्यंत खेळलो.

इथं तुम्ही मला पकडणार म्हणून आधीच सांगतो, चूक अर्धी माझी होती. माझ्या अकाउंटचं मुख्य कन्सोल म्हणून पुण्यातल्या भावाचं मशीन लावलेलं, दोघांत एक गेम वापरायला. माझंच लावलं असतं तर तो ऑफलाइनही उघडला असता. आणि मागच्या लेखात मी "कंपनी दुकान बंद करते आणि गेम जातात" असं सरसकट लिहिलं तेही चुकलंच. निंटेंडोनं २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या मशीनचं ऑनलाइन दुकान बंद केलं, पण त्यानंतरही आधी घेतलेले गेम परत डाउनलोड करता येत होते. दुरुस्त करतो ते.

राहिलं ॲग्री. आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथं डिपॉझिट भरतो, वर्गणी भरतो, पुस्तक आणतो, परत देतो. कधी तक्रार केली का मी? नाही, कारण तिथं कुणी "विकत घ्या" असं लिहिलेलं नाही. गेमच्या महिन्याच्या वर्गणीच्या स्कीम आहेत त्यांनाही माझी हरकत नाही. भांडण त्या 'बाय' बटणाशी आहे. कॅलिफोर्नियानं यावर कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू: नुसतं लायसन्स देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर 'बाय' शब्द वापरायचा नाही. आणि जो माल कायमचा उतरवून नेटशिवाय वापरता येतो त्याला यातून सूट. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे भरताना आता तशी ओळ दिसते.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनफेअर कॉन्ट्रॅक्ट' आहे, म्हणजे एकाच बाजूला सोयीच्या अटी, वाटेल तेव्हा एकतर्फी करार मोडायची मुभा वगैरे. त्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाला नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सॉफ्टवेअरच्या एका प्रकरणात, वर लायसन्स लिहिलेलं असलं तरी व्यवहार मुळात मालाच्या विक्रीचा आहे असं धरलं. तो खटला इन्कम टॅक्सचा, गेमचा नव्हे, त्यामुळे उद्या लगेच बेळगावच्या पोरानं केस जिंकली असं होणार नाही, पण "ॲग्री दाबलं म्हणजे विषय संपला" इतकंही सोपं नाही सर.

सर्व्हर फुकट कायम चालवा असं मी म्हणत नाही, तुम्ही ते माझ्या तोंडी घातलंय. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' वाल्यांच्या मागणीला २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांवर सह्या झाल्या, त्यांचंही म्हणणं एवढंच की बंद करताना गेम चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा.

शेवटी तुम्ही विचारलंय पीएस फाइव्ह डिस्कवाला घेऊ की डिजिटल. डिस्कवाला घ्या. फक्त सुट्टा डिस्क ड्राइव्ह नंतर बसवणार असाल तर पहिल्यांदा जोडताना त्यालाही नेट लागतं, तेवढं घरी फायबरवर उरकून घ्या आणि मग कुठल्या गावाला न्यायचं ते न्या.