फिरा, लिहा, कमवा? इतकं सोपं नाही

‘जंगलात फिरायचं आणि त्याचेच पैसे मिळवायचे’ हे निसर्ग-पर्यटनावर लिहून कमवा असं सांगणाऱ्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. मी कोथरूडला राहून बारा वर्षं निसर्ग-पर्यटनावर लिहितोय. घर चालतं ते भाषांतरांवर!

पहिलीच मोठी चूक काजव्यांची. भंडारदऱ्याजवळची एक जागा मी पार वळणासकट लिहून टाकली. पुढच्या जूनमध्ये गेलो तर गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, पोरांच्या हातात टॉर्च. काजव्याचा नर लुकलुकतो तो मादीला बोलावण्यासाठी. एवढ्या झगमगाटात तिला तो दिसणार कसा? तेव्हापासून नेमकी जागा लिहीत नाही. यावरून एका संपादकांशी वाजलंही. त्यांना गूगल मॅपची लिंक हवी होती.

भिगवणला तेच. उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो निवांत चरत असतात, होडी थेट थव्यात घुसते. नावाड्याला हटकलं तर म्हणाला, “साहेब, गिऱ्हाईकच म्हणतं, उडवा, फोटो पाहिजे.” त्याचं तरी काय चुकलं? नावाड्याचं ते वाक्य माझ्या लेखात होतं, छापताना गेलं.

लिहू पाहणाऱ्या नव्या मुलांनी कोकणातल्या वेळासला समुद्री कासवांची पिल्लं बघायला जरूर जावं. गावकऱ्यांच्या घरी राहायचं, पैसे त्यांच्याच हातात जातात. फक्त कासवाची अंडी उबायला दीड-दोन महिने लागतात आणि पिल्लं आपली शनिवार-रविवारची सुट्टी बघून बाहेर येत नाहीत. मी दोनदा रिकामा परतलोय. त्यातल्या एका खेपेवर लिहिलेला लेख मात्र बरा जमला होता.